फुस्सवाल्यांनो, जरा ऐका

सुरुवातीलाच सांगून टाकतो. टर्बो गाडीचा डायव्हर्टर व्हॉल्व्ह ही आवाज काढायची वस्तू नाही, हवा वळवायची वस्तू आहे. नावातच आहे ते. तरीही दर शनिवार-रविवारी आटगावहून तानसा धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खर्डीच्या फाट्यावर, मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या वळणांवर एकच चालू असतं. गिअर बदलला की फुस्स. ऍक्सिलरेटर सोडला की फुस्स. चहाच्या टपरीसमोर गाडी उभी करूनसुद्धा फुस्स, फुस्स. शेजारी मित्र मोबाईल धरून रील काढतोय आणि टपरीवाली मावशी 'ह्यांच्या टायरची हवा गेली की काय' म्हणून वाकून बघतेय.

हे पब्लिक कोण आहे? आपणच की हो. ऐरोली, हिंजवडी, ठाणे, पवई. सोमवार ते शुक्रवार स्टँडअप मीटिंग, शनिवारी ईएमआयवर घेतलेली टर्बो पेट्रोल. मी पण त्याच कळपातला, फक्त माझं घर शहापूर तालुक्यात असल्यामुळे मी वीकेंडला 'फिरायला' नाही, घरी येतो. म्हणून हा आवाज मला दोन्ही बाजूंनी ऐकू येतो, गाडीच्या आतून पण आणि ओट्यावरून पण. आणि दोन्हीकडून तो माझ्या डोक्यात जातो.

डोक्यात जाण्याचं कारण नुसता गोंगाट नाही. खरं कारण असं की या एका व्हॉल्व्हच्या बाबतीत आपण इंजिनिअर म्हणवणारी माणसं इंजिनिअरसारखी वागत नाही. ज्याचा चांगला चालतोय तो काढून फुस्सवाला बसवतो. ज्याचा खरंच बिघडलाय त्याला कोणीतरी 'अख्खा टर्बो बदला' सांगतं आणि तो मुकाट कार्ड काढतो. काम समजून न घेता पार्ट बदलायचा, हा एकच रोग दोन्हीकडे आहे.

आधी फंडा समजून घेऊ

तानसाची पाइपलाइन आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेली आहे. तानसा धरण १८९२ सालचं, तेव्हापासून इथलं पाणी मुंबईला जातंय. आता कल्पना करा, एवढ्या मोठ्या पाइपातून पाणी वेगाने धावतंय आणि पुढचा दरवाजा कोणी धाडकन बंद केला. पाणी काही 'ओके' म्हणून जागच्या जागी थांबत नाही. दाबाची लाट उलटी फिरते आणि पाइपाला हातोडा मारल्यासारखा दणका देते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरला आपण यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलेलं आहे: वॉटर हॅमर. म्हणूनच मोठ्या जलवाहिन्यांचे व्हॉल्व्ह हळूहळू बंद करतात आणि दाब सांभाळायची वेगळी सोय ठेवतात.

टर्बो पेट्रोल गाडीत हेच होतं, फक्त पाण्याच्या जागी हवा. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा ओढून दाबतं आणि इंजिनात कोंबतं. वेग किती? जोरात चालवताना मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या. आता तुम्ही ऍक्सिलरेटर सोडला. थ्रॉटलची झडप मिटली. चक्र मात्र अजून गरगरतंय आणि हवा दाबतंच आहे. ती जाणार कुठे? उलटी फिरून चक्रावरच आदळणार. याला कंप्रेसर सर्ज म्हणतात. चक्र धपकन मंदावतं, दांड्यावर आणि बेअरिंगवर उलटसुलट ताण येतो, आणि पुन्हा पाय दिला की टर्बोला परत पहिल्यापासून वेग घ्यावा लागतो.

डायव्हर्टर व्हॉल्व्ह या क्षणाला उघडतो आणि ती जास्तीची दाबलेली हवा पुन्हा कंप्रेसरच्या तोंडाशी, म्हणजे आत येणाऱ्या वाटेवर नेऊन सोडतो. हवा गोल फिरते, चक्र फिरतं राहतं, कोणाला काही कळतही नाही. चांगला व्हॉल्व्ह चांगल्या बॅकग्राउंड प्रोसेससारखा असतो. तो चालू आहे हे कळतच नाही, बंद पडला की मात्र सगळ्यांच्या लक्षात येतं.

फुस्सवाला म्हणजे ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह तीच हवा परत न फिरवता सरळ बाहेर सोडतो. तोच तो आवाज. एवढाच फरक. पण त्या एवढ्याशा फरकात भानगड आहे.

बऱ्याच गाड्यांमध्ये हवा मोजणारा सेन्सर फिल्टरच्या लगेच पुढे बसवलेला असतो, म्हणजे टर्बोच्या आधी. एवढी हवा आत गेली, तर एवढं पेट्रोल द्यायचं, असा गाडीच्या कॉम्प्युटरचा सरळ हिशोब. तुम्ही ती मोजून झालेली हवा मधूनच बाहेर सोडली, तर कॉम्प्युटरला ते कळायला मार्गच नाही. तो बिचारा नसलेल्या हवेसाठी पेट्रोल देत राहतो. क्षणभर मिश्रण दाट होतं. एकदा झालं तर काही नाही. रोज हजार वेळा झालं तर प्लग काळे होतात, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत पोचतं, आणि मायलेजचं विचारूच नका. डेटाबेसमधून रो डिलीट करायची आणि काउंट अपडेट करायचा नाही, असं काम ऑफिसात कोणी केलं तर आपण त्याचा कोड रिव्ह्यूमध्ये पार पिसं काढतो. गाडीत मात्र त्यालाच 'मॉड' म्हणायचं.

काही गाड्या हवा मोजत नाहीत, थ्रॉटलच्या अलीकडे-पलीकडे दाब मोजून हिशोब करतात. त्यांच्यात हा घोटाळा बराच कमी होतो, हे मान्य. पण मग फायदा तरी काय? कारखान्यातून आलेला व्हॉल्व्ह धडधाकट असेल तर फुस्सवाल्याने ताकद वाढत नाही. शून्य. गाडी तेवढीच पळते, फक्त बोंबलत पळते.

आणि डिझेलवाल्यांची तर कमालच आहे. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी, पाय काढला की हवा अडवणारी थ्रॉटल नसते. ताकद कमी-जास्त होते ती डिझेल किती मारलं यावर. काही आधुनिक डिझेलांत एक झडप असते, पण तिचं काम वेगळं. म्हणजे तुंबलेली हवा सोडायचा मूळ प्रश्नच तिथे नाही. तरीसुद्धा डिझेल गाड्यांना 'ब्लो-ऑफ किट' बसवतात. व्हॉल्व्ह उघडायला बटण किंवा ब्रेकच्या पेडलवर स्विच. म्हणजे रोग नाही, औषध आहे, आणि औषध पण नाही, नुसता बाटलीचा आवाज. याला काय म्हणायचं तुम्हीच ठरवा.

तिसरा एक प्रकार तर याहून भारी. काही शूरवीर आहे तो डायव्हर्टर व्हॉल्व्ह चक्क प्लेट लावून बंद करतात, कारण सर्ज झाला की टर्बोतून 'फुर्रर्रर्र' असा कबुतर उडाल्यासारखा आवाज येतो आणि तो म्हणे रेसिंग गाडीसारखा वाटतो. अरे बाबा, रेसिंग गाडीचा टर्बो किती दिवस टिकवायचा हे रेसिंग टीम ठरवते आणि त्याचे पैसे स्पॉन्सर देतो. तुझा स्पॉन्सर कोण? बँक!

आता दुसरी बाजू: खरंच बिघडलेला व्हॉल्व्ह

व्हॉल्व्ह बदलूच नका असं मी म्हणत नाहीये. उलट माझं म्हणणं असं की हा व्हॉल्व्ह बिघडणारा पार्ट आहे, आणि बिघडला की तोच बदला, दुसरं काही नाही.

आपल्याकडे छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांची लाट खरी आली ती २०१३ नंतर. त्या वर्षी पोलो जीटी टीएसआय आणि इकोस्पोर्टचं एक लिटरचं इकोबूस्ट आलं, २०१४ मध्ये टाटाची झेस्ट, २०१७ मध्ये नेक्सॉन आणि बलेनो आरएस, २०१९ मध्ये व्हेन्यू. त्या पहिल्या लाटेतल्या गाड्या आता दहा-बारा वर्षांच्या झाल्या. सेकंडहँड बाजारात स्वस्त मिळतात, आणि पंचविशी-तिशीतली आपली पिढीच त्या घेते. म्हणजे रबर कडक होण्याचं, पडदा फाटण्याचं वय आणि आपलं गाडी घेण्याचं वय नेमकं जुळून आलंय.

व्हॉल्व्हच्या आत ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एकात रबरी पडदा असतो, दुसऱ्यात सरकणारा पिस्टन. फोक्सवॅगन समूहाच्या टर्बो पेट्रोल इंजिनांचा किस्सा या विषयातला जगप्रसिद्ध आहे: इलेक्ट्रिक डायव्हर्टरमधले रबरी पडद्याचे व्हॉल्व्ह फाटायचे, म्हणून लोक पार्ट नंबरच्या शेवटी 'डी' अक्षर असलेला पिस्टनवाला सुधारित व्हॉल्व्ह शोधून शोधून बसवायचे. एका अक्षराचा फरक, पण तेच अक्षर महत्त्वाचं. सॉफ्टवेअरच्या माणसाला व्हर्जन नंबरचं महत्त्व मी काय सांगायचं?

पडदा फाटला की काय होतं? दाबलेली हवा इंजिनाकडे जायच्या ऐवजी व्हॉल्व्हमधून गळून परत मागे जाते. गाडी ओढत नाही. ओव्हरटेकला पाय दिला की नुसतं घुंगावते. चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०२९९ येतो, म्हणजे हवेचा दाब हवा तेवढा होत नाहीये.

इथे खरी गंमत सुरू होते. पी०२९९ म्हणजे 'टर्बो गेला' नव्हे. पी०२९९ म्हणजे 'दाब कमी आहे'. कारण काहीही असू शकतं: इंटरकूलरचा पाइप फाटलाय, क्लॅम्प ढिला झालाय, वेस्टगेटची दांडी अडकलीय, फिल्टर तुंबलाय, डायव्हर्टर गळतोय, आणि हो, टर्बो पण गेलेला असू शकतो. लॉगमध्ये एरर दिसली की सर्व्हर विकत घ्यायला धावायचं नसतं, स्टॅक ट्रेस वाचायचा असतो.

माझ्या मावसभावाच्या गाडीचं हेच झालं. शहरातल्या एका मोठ्या, काचेच्या वर्कशॉपात नेली. (नाव नको, असो.) स्कॅनर लावला, कोड आला, एस्टिमेट आलं: टर्बो असेम्ब्ली, लाखाच्या वर. 'साहेब, व्हॉल्व्ह सुटा बदलता येईल का?' तर उत्तर आलं, 'आम्ही असेम्ब्लीच बदलतो.' व्हॉल्व्ह उघडून बघितला का? नाही. स्मोक टेस्ट केली? नाही. मग निदान कशावरून? कोडवरून.

भावाने गाडी परत आणली आणि शहापुरात आमच्या नेहमीच्या मेकॅनिकदादांकडे दिली. त्यांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, दिवसभर पिकअप आणि टेम्पोचं काम. पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: 'आवाज कुठून येतो? पाय दिल्यावर का सोडल्यावर?' अर्ध्या तासात पाइप तपासून झाले, वेस्टगेटची दांडी हलवून बघितली, मग खाली शिरून व्हॉल्व्ह काढला. पडदा एका कडेने फाटून लोंबत होता. टर्बोचं चक्र बोटाने फिरवून, हलवून बघितलं, एकदम तंदुरुस्त. काही हजारांचा व्हॉल्व्ह मागवला, बसवला, विषय संपला.

या गोष्टीचा अर्थ 'गावचा मेकॅनिक ग्रेट, शहरातले सगळे चोर' असा काढू नका. शहरातही प्रामाणिक माणसं भरपूर आहेत आणि गावातही हातोडाछाप आहेत. मुद्दा निदानाचा आहे. एक जण कोड वाचून थांबला, दुसऱ्याने कारण शोधलं. आणि हे कारण शोधणाऱ्या माणसाला ओरिजिनल पार्ट आणि दुरुस्तीची माहिती सहज मिळायला हवी की नको?

हा प्रश्न मी एकटाच विचारत नाहीये. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड सुनावला होता, तो याच मुद्द्यावर: सुटे भाग आणि निदानाची साधनं खुल्या बाजारातल्या गॅरेजांना मिळू न देणं. पुढे अपिलं वगैरे झाली, ते सोडा. पण तत्त्व लिहिलं गेलं. मग डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, त्यात वाहन क्षेत्र पण आहे. म्हणजे 'असेम्ब्लीच बदलतो' हे उत्तर निमूट ऐकून घ्यायचं दिवस खरं तर संपायला हवेत. ते संपतील तेव्हाच, जेव्हा गिऱ्हाईक विचारेल: 'उघडून दाखवा.'

निवडायचा कसा

आता कामाचं बोलू. व्हॉल्व्ह बदलायची वेळ खरंच आली तर माझा क्रम असा.

आधी तुमच्या इंजिनाला हा व्हॉल्व्ह आहे का ते बघा. हसू नका. वेस्टगेट इलेक्ट्रिक मोटरने चालणाऱ्या काही छोट्या टर्बो इंजिनांत वेगळा डायव्हर्टर दिलेलाच नसतो. नसलेला पार्ट ऑनलाइन मागवून बसलेले लोक आहेत.

असेल तर पहिली पसंती कंपनीचाच, सर्वांत सुधारित व्हर्जनचा. नव्वद टक्के लोकांनी इथेच थांबावं, असं माझं स्पष्ट मत. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. बॉक्सवर मोठ्या ब्रँडचं नाव आहे म्हणजे आतला माल त्यांचाच असं नाही. नकली माल भरपूर आहे, आणि रबराची नक्कल ही सगळ्यात वाईट नक्कल, कारण दिसायला अगदी सारखीच असते. बिल घ्या.

गाडी रीमॅप केलेली असेल, दाब वाढवलेला असेल, तर धातूच्या पिस्टनचा आफ्टरमार्केट पर्याय बघायला हरकत नाही. यात पण दोन जाती आहेत. एकात गाडीचा मूळ इलेक्ट्रिक सोलेनॉइड तसाच ठेवून फक्त आतला पडदा-पिस्टन बदलतात. ऑस्ट्रेलियाच्या जीएफबीचा प्रसिद्ध किट याच जातीचा. दुसऱ्यात संपूर्ण व्हॉल्व्ह व्हॅक्यूमच्या नळीवर चालणारा करतात, त्यात स्प्रिंग निवडावी लागते. स्प्रिंग फार कडक निवडली तर व्हॉल्व्ह उशिरा उघडतो आणि सर्ज होतो, फार मऊ निवडली तर दाबाखाली गळतो. शिवाय सरकणाऱ्या पिस्टनला वेळोवेळी साफ करून ग्रीस लावायला लागतं. ते करणार नसाल तर घेऊ नका. मेंटेनन्स न करता ओपन सोर्स वापरण्यासारखं आहे ते.

आणि काहीही घ्या, हवा परत आत फिरवणारा घ्या. अर्धी हवा आत, अर्धी बाहेर असा 'हायब्रिड' पण मिळतो. तो म्हणजे उपवासाची भेळ.

बसवायचा कसा

काम अवघड नाही, जागा अवघड असते. अनेक गाड्यांमध्ये इलेक्ट्रिक डायव्हर्टर थेट टर्बोच्या अंगावर तीन बोल्टने बसवलेला असतो, आणि त्यातला एक बोल्ट नेमका असा असतो की हात पोचतो तर नजर पोचत नाही, नजर पोचते तर पाना बसत नाही.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. टर्बोशेजारी काम आहे, चूल विझल्या विझल्या हात घालू नका. गाडी वर घ्यायची असेल तर जॅकवर कधीच विसंबू नका, खाली स्टँड लावा. याला पर्याय नाही. खालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढा. कनेक्टरची क्लिप दाबून काढा, ओढून नव्हे. दहा वर्षं उष्णता खाल्लेलं प्लॅस्टिक पापडासारखं मोडतं. बोल्ट ज्या तोंडाचे असतील त्याच मापाचा बिट पूर्ण बसवून फिरवा, तोंड गोल झालं की अर्ध्या तासाचं काम अख्ख्या रविवारचं होतं.

जुना व्हॉल्व्ह निघाला की आधी तो नीट बघा. पडदा फाटलाय? पिस्टन अडकतोय? दोन्ही नसेल तर थांबा. नवा बसवायची घाई करू नका, रोग दुसरीकडे आहे. व्हॅक्यूमवर चालणारा जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्ह असेल तर अजून सोपं: नळीतून हवा ओढून घ्या, झडप उचलली गेली पाहिजे, आणि नळीचं तोंड बोटाने बंद केल्यावर तशीच राहिली पाहिजे. लगेच खाली आली तर पडदा गेला.

मग टर्बोवरची बसायची जागा स्वच्छ पुसा, पण कापडाचा धागासुद्धा आत जाता कामा नये. दीड लाख फेऱ्यांच्या चक्रासमोर धागा म्हणजे दगड. ओ-रिंग नवीन लावा. तिन्ही बोल्ट आधी हाताने बसवा, मग आळीपाळीने थोडे थोडे आवळा. बारके बोल्ट आहेत, आणि आत ऍल्युमिनियम आहे. मॅन्युअलमधला टॉर्कचा आकडा पाळा. आपल्याकडे 'अजून एक पाव फिरकी' हा जो राष्ट्रीय आजार आहे, तो इथे आटे खातो.

शेवटी कनेक्टर टिक् आवाज येईपर्यंत बसवा, कोड पुसा आणि गाडी फिरवून या. शक्य असेल तर स्कॅनरवर दोन आकडे शेजारी शेजारी बघा: कॉम्प्युटरने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब. दोन्ही सोबत चालले की काम झालं. 'आता भारी वाटतंय' हा पुरावा नाही. पैसे खर्च केल्यावर सगळंच भारी वाटतं.

'गाडी माझी, पैसे माझे'

मला माहितीये, एव्हाना कोणीतरी म्हणत असेल, गाडी माझी, पैसे माझे, तुझ्या पोटात का दुखतं?

पैसे तुझे, शंभर टक्के. पण आवाज तुझा राहत नाही रे, तो काचेबाहेर पडला की सगळ्यांचा होतो. तानसाच्या आजूबाजूला अभयारण्य आहे. रस्त्याला लागून पाडे आहेत, आश्रमशाळा आहेत. शाळा आणि दवाखान्यांभोवतीचा १०० मीटरचा पट्टा ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, त्यात परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आवाज आणि धुराचं कलम वेगळं. तुझा व्हॉल्व्ह नेमका कुठल्या कलमात बसतो यावर वाद घालता येईल, वकील पुरेसे आहेत. पण घाटात पोलिसासमोर तो वाद घालायची हौस आहे का?

'मग गावच्या लग्नातला डीजे चालतो का?' हा पुढचा प्रश्न, आणि प्रश्न रास्त आहे. नाही चालत. मला तोही चालत नाही, आणि ते मी गावात बोलतो, शिव्या खातो. पण डीजे वाईट आहे म्हणून फुस्स चांगला होत नाही. दोन बग एकमेकांना कॅन्सल करत नाहीत.

आणि अजून एक. तानसा, भातसा, मोडकसागर, मुंबईचं पाणी या पट्ट्यातून जातं, आणि याच शहापूर तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. हंडे घेऊन रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या बायकांच्या शेजारून जाताना ऍक्सिलरेटर सोडून फुस्स करणाऱ्याला आपण काय करतोय हे कळत नसतं, याची मला खात्री आहे. तो वाईट माणूस नसतो, त्याने बघितलेलंच नसतं. या भागाकडून शहराने आजवर घेतलं ते पाणी आणि वीकेंड. बदल्यात निदान शांतता तरी परत करू की. त्याला तर पार्ट पण लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. चांगला व्हॉल्व्ह असेल तर त्याला हात लावू नका. बिघडला असेल तर आधी सिद्ध करा, मग तोच बदला, योग्य नंबरचा, हवा आत फिरवणारा. कोणी अख्खा टर्बो गळ्यात मारत असेल तर 'उघडून दाखवा' म्हणा. आणि नीट निदान करणारा मेकॅनिक सापडला, मग तो काचेच्या शोरूममधला असो की पत्र्याच्या शेडमधला, त्याला घासाघीस न करता मजुरी द्या. व्हॉल्व्ह काही हजारांत कुठेही मिळतो. 'पाय दिल्यावर का सोडल्यावर' हे विचारणारा माणूस तसा मिळत नाही.